वेगवान गाडी आणि आईचे गुडघे

माझा मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि त्याची आवडती सेडान मुर्रीच्या आमच्या अंगणात राहिली. टर्बो पेट्रोल इंजिनाची, दीडशे अश्वशक्तीची गाडी. घेतल्यावर त्याने तिला अठरा इंची चाके आणि गाडी खाली बसविणाऱ्या आखूड स्प्रिंगा लावून घेतल्या होत्या. तरुण डोळ्यांना ती देखणी दिसे, यात शंका नाही.

माझी आई 79 वर्षांची. वार्धक्यामुळे दृष्टिपटल बिघडल्याने तिला ठरावीक अंतराने डोळ्यात इंजेक्शन घेण्यासाठी नागपूरला न्यावे लागते. तिसऱ्या फेरीनंतर ती म्हणाली, ‘‘पुरे आता. दिसते तेवढे पुष्कळ आहे.’’ ती सुईला कंटाळली, असे मी धरून चाललो. डॉक्टर असूनही मूळ कारण विचारायला मला दोन आठवडे लागले. तिला भीती सुईची नव्हती. त्या गाडीत बसण्याची आणि उतरण्याची होती. या आजारात इंजेक्शने चुकली तर गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही. म्हणून हा विषय गाडीचा असला, तरी मी तो आरोग्याच्या पाक्षिकात लिहीत आहे.

प्रथम चाकांचा विचार करू. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या दीडशे अश्वशक्तीच्या आवृत्तीला 205/55 आर 16 मापाचे टायर येतात. यातील 55 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या 55 टक्के, अर्थात सुमारे 113 मिलिमीटर. हौसेने 225/40 आर 18 मापाचे टायर बसविले, तर ही भिंत 90 मिलिमीटर उरते. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. मात्र खड्डा आणि मणका यांच्यामधील रबराची गादी पाऊण इंचाहून अधिक कमी होते. आम्ही कंपनीची मूळ चाके व मूळ स्प्रिंगा परत बसविल्या. तो खर्च मला मुळीच खटकला नाही.

इथे थोडे थांबतो, कारण धक्क्यांचा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. ‘गतिरोधकावर गाडी आदळली आणि पाठीत कळ आली’ एवढीच हकीकत सांगणारे वृद्ध रुग्ण, विशेषतः स्त्रिया, मी अनेकदा पाहिले आहेत. हाडे ठिसूळ असतील तर तेवढ्या आदळण्यानेही मणका दबतो. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषानुसार ताशी 25 किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असावा. गावोगावचे अरुंद, उभे उंचवटे पाहिले की हा निकष कोणासाठी लिहिला, असा प्रश्न पडतो. अशा ठिकाणी गाडी जवळजवळ थांबवूनच पुढे न्यावी. मागच्या चाकांच्या जवळ धक्का अधिक बसतो. यासाठी ज्येष्ठांना शक्यतो पुढे, चालकाशेजारी बसवावे. आसन पूर्ण मागे सरकवावे. समोरच्या एअरबॅगपासून छातीचे अंतर किमान 25 सेंटिमीटर तरी असावेच.

हवेच्या दाबाबाबत दोन्ही टोके वाईट. मायलेजसाठी जास्त हवा भरली की गाडी उडते. मऊपणासाठी कमी केली की टायर तापून फुटण्याचा धोका. चालकाच्या दाराजवळ किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेला आकडाच पाळावा, तोही टायर थंड असताना.

आता बसण्या-उठण्याविषयी. घरातील ज्येष्ठांना उभे करून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची उंची मोजा आणि गाडीच्या आसनाची उंची तिच्याशी ताडून पाहा. आसन खाली असेल तर उठताना सारा भार झिजलेल्या गुडघ्यांवर येतो. आम्ही दोन इंच जाडीची घट्ट फोमची गादी घातली. मऊ, ढिली उशी मात्र नको. ती दबली की शरीर पुढे घसरते आणि कमरेचा पट्टा हाडाऐवजी पोटावर येतो. आसनाच्या कडेला एअरबॅग असल्यास ती झाकणारे कव्हर घालू नये. आणखी एक चूक घरोघरी होते. गाडी ओट्याला लावून आजीला ओट्यावरून बसवतात. पायाखालची जागा उंच झाली की आसन आणखीच खाली जाते! गाडी ओट्यापासून दूर, सपाट जमिनीवर उभी करा. आधी पाठ आसनाकडे करून बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी तर हाच क्रम पाळावा. गुडघे खुब्यापेक्षा वर जाऊ देऊ नयेत.

टर्बो इंजिनाची शक्ती किंचित उशिरा आणि एकदम येते. मान मागे फेकली जाते, मळमळ सुरू होते. गिअरचा ‘एस’ मोड विसरून जावे आणि ॲक्सिलरेटरवर पाय हळू ठेवावा. एवढा बदल तर फुकटच होतो.

कायद्याचेही भान असू द्या. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरबदल करता येत नाहीत. आम्ही केले ते बहुतेक मूळ रूपाकडे परतणेच होते.

प्रवासात दर तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालावे, पोटऱ्यांत रक्त साचू नये म्हणून. लघवी वाढविणारी गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. परस्पर बंद करू नये.

आईची इंजेक्शने पुन्हा सुरू झाली आहेत. मागच्या फेरीत कोहमारा ओलांडून साकोलीला चहासाठी थांबलो. मी माझा पट्टा सोडेपर्यंत ती स्वतः दार उघडून खाली उतरली होती.