एका पूज्याची गोष्ट

ऊस तोडून गेला की शेतकऱ्याचे डोळे बिलाकडे लागतात, हे आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक असते. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या एका शाखेत अधिकारी होतो. डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत लेजर लिहिणारी यंत्रे आली होती. उसाच्या बिलांची यादी कागदाऐवजी फ्लॉपीवर येऊ लागली, तेव्हा आम्हाला कोण आनंद! रात्र रात्र जागून शेकडो नावे उतरवून घ्यायचे काम संपले, असे वाटले.

पहिल्याच हप्त्याला बेरीज चुकली. फरक १२,८८८ रुपयांचा. जमा तर त्याच दिवशी द्यायची होती. म्हणून फरक उचंत खाती टाकला आणि सगळ्यांच्या खात्यावर पैसे चढवले. तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. नवरा त्याच वर्षी गेलेला. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले. काउंटरवर बिलाची चिठ्ठी आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "सायेब, ह्यातलं एक पूज्य कुठं गेलं?"

चिठ्ठीवर १४,३२० होते. पासबुकात १,४३२.

जुने हेडक्लार्क आम्हाला शिकवत, की फरकाला नवाने भाग गेला तर आकडा सरकला असे समजावे. १२,८८८ भागिले ९ बरोबर १,४३२! त्या बाईंनी अक्षरओळख जेमतेम असताना जे एका नजरेत पाहिले, ते मला भागाकाराने सापडले.

चूक झाली होती ती अशी. त्या यादीत प्रत्येक माणसासाठी एक ओळ असे. पहिली आठ घरे खाते क्रमांकाची, पुढची पंचवीस नावाची, त्यापुढची दहा रकमेची. कुठली घरे कशाची, हे यादीत कुठेच लिहिलेले नव्हते. ते पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपसात ठरवलेले. नवरा वारल्यावर कुणीतरी ओळीतले नाव हाताने बदलले आणि नावामागे एक मोकळी जागा जास्त पडली. सगळी रक्कम एक घर उजवीकडे सरकली. शेवटचे पूज्य दहा घरांच्या बाहेर गेले, आणि आमच्या यंत्राने निमूटपणे उरलेले वाचले.

गृहिणींना हे लगेच कळेल. फडताळात तिसरा डबा साखरेचा, चौथा मिठाचा, असे नुसते जागेवरून ओळखण्याची सवय असते. घरातल्या बाईचा हात बरोबर जातो. पण ती माहेरी गेली आणि पाहुण्या नणंदेने डबे पुसून परत ठेवले, की चहात मीठ पडते. उपाय सोपा आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. मग डबा कुठेही असो, मीठ ते मीठच.

संगणकाच्या जगात ही चिठ्ठी चिकटवण्याची युक्ती जुनी आहे. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला. गोल्डफार्ब मूळचे वकील, म्हणजे कागदपत्रांत मुरलेला माणूस. त्यातून पुढे १० फेब्रुवारी १९९८ रोजी 'एक्सएमएल' हा प्रकार सर्वमान्य झाला. यात प्रत्येक मजकुराच्या आधी त्याचे नाव कोनी कंसात लिहायचे आणि मजकूर संपला की तेच नाव तिरप्या रेघेसह पुन्हा लिहायचे. 'रक्कम' सुरू, चौदा हजार तीनशे वीस, 'रक्कम' संपली. उघडलेली चिठ्ठी बंद केली नाही, तर यंत्र अंदाज करीत बसत नाही. सारा कागदच परत करते. मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. आमच्या यंत्राने तो दिवस तेवढा अडून बसायला हवे होते!

आपल्याला हे नवीन आहे असे मात्र नाही. सातबारा पाहा. नमुना सातमध्ये जमीन कुणाची, नमुना बारामध्ये पीक कुठले; रकाना ठरलेला आणि त्याला नावही दिलेले. जुन्या हुंडीत तर रक्कम अंकात, अक्षरात आणि वर 'निमे इतके, त्याचे दुप्पट' अशीही लिहीत. पूज्य खोडले किंवा वाढवले तरी निम्मे खोटे बोलत नसे.

आज ही चिठ्ठ्यांची भाषा आपल्या खिशात आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये आरटीजीएसची नवी यंत्रणा याच घडणीच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यावर सुरू केली. २०१६ साली यूपीआय आले, त्याचे संदेशही एक्सएमएलमध्येच जातात. कपिलतीर्थ मंडईत आपण मेथीच्या जुडीचे पैसे मोबाइलवरून देतो, तेव्हा आपली बँक आणि भाजीवालीची बँक वेगळ्या, त्यांची यंत्रे वेगळी. पण देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, हे चिठ्ठ्या लावून गेल्यामुळे गोंधळ होत नाही.

तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चिठ्ठी डब्यावरची असते, आतल्या जिनसाची हमी ती देत नाही. 'नाव' या चिठ्ठीखाली आपण काय लिहितो? सातबारावर माहेरचे, आधारवर सासरचे, पासबुकात वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर! गावात एकाच नावाचे चार पाटील. त्यातून कित्येक वर्षे आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये नावाचा रकाना भरायचा, पण पैसे जमा व्हायचे ते केवळ खाते क्रमांकावरून. चिठ्ठी होती, वाचणारा नव्हता. पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. तेव्हा वाचकहो, पडद्यावर ते नाव उमटेल तेव्हा घाई करू नका. क्षणभर थांबा आणि वाचा.

त्या दिवशी उचंत खात्यातून १२,८८८ रुपये काढून मी त्या बाईंच्या खात्यावर जमा केले आणि पासबुकात नोंद करून दिली. त्यांनी 'आभारी आहे' वगैरे काही म्हटले नाही. काउंटरवरच उभे राहून आकड्यांवरून बोट फिरवले, शेवटच्या पूज्यावर ते जरा थांबले, आणि मग पासबुक पुन्हा पिशवीत गेले.