बेस फाटतो तेव्हा

जुन्या नाशकात वाकडी बारवेपासून गणपतीची मिरवणूक निघते. तिच्यातल्या डीजेचा बेस कधी घुमायचा सोडून फाटू लागतो. लोक सबवूफरला नावे ठेवतात. पण बहुधा ॲम्प्लिफायरच्या आवाक्याबाहेरचे मागणे झालेले असते.

ॲम्प्लिफायरला विजेचा जेवढा दाब मिळतो, त्यापलीकडे लाट चढत नाही. बटण रेटले की तिचे माथे सपाट छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. गंमत अशी, की छाटलेली लाट दुबळी होत नाही. पूर्ण चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या गोलाईदार लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते. ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर मग हजाराच्या घरात जातो, आणि ती उष्णता सबवूफरमधली तांब्याची कॉइल सोसते. कॉइल १०० अंशांनी तापली, की तिचा विद्युतरोध सुमारे ४० टक्के वाढतो. आवाज बसतो. चालवणारा पोरगा बटण आणखी चढवतो! शेवटी कॉइलचे वेढे सुटतात, घासतात, जळतात. भाड्याच्या बॉक्सची भरपाई वर्गणीतून जाते.

मुशायऱ्यात शायर माईकपासून वीतभर मागे सरकला तरी भागते. इथे ॲम्प्लिफायरचा तांबडा दिवा पाहावा. तो सारखा पेटू लागला, की बटण खाली घ्यावे. बेस नुसता ३ डेसिबल चढवायलाही दुप्पट शक्ती लागते.