पेन : गोंड-कोलामांचे देव

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागात गोंड आणि कोलाम वस्ती मोठी आहे.

पेन : गोंडी भाषेत देव. सर्वांत थोर तो फडापेन, म्हणजे बडादेव.

पेर्सा पेन : कुळाचा देव. मूर्ती नसते, लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी हीच त्याची खूण. एरवी ती लपवून ठेवतात, पूजेच्या दिवशी बाहेर काढतात. त्या वेळी परधान, म्हणजे गोंडांचा भाट, किंगरी हे तंतुवाद्य वाजवत कुळाची कथा गातो. मृत माणूस याच देवात मिसळतो, अशी श्रद्धा.

देवसंख्या : कुळांचे गट चार, पाच, सहा, सात देवांचे. मेश्राम सात देवांचे, आत्राम सहा देवांचे. एका गटातले सारे भाऊभाऊ, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही.

भीमायक : कोलामांचा मुख्य देव. महाराष्ट्रातील 3 आदिम जमातींपैकी कोलाम एक. इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड.

नागोबा : मेश्राम कुळाचा देव. जत्रा शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला, पौष अमावास्येला. पूजेचे पाणी मेश्राम मंडळी गोदावरीवरून पायी आणतात.