मोटारीचे झिजलेले स्ट्रट

मोटार विकत घेतांना आपण तिचा रंग पाहतों, बैठक पाहतों, एका लिटरमध्यें ती किती धांवते हें विचारतों. इंजिनाची विचारपूस होते, ब्रेकचीही होते. परंतु पुढच्या चाकांच्या आड चिखलानें माखलेला जो एक नळीसारखा खांब असतो, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. या खांबाला स्ट्रट असें नांव आहे. गॅरेजमधले मेस्त्री त्याला सरसकट 'शॉकअप' म्हणून मोकळे होतात. आज या स्ट्रटविषयीं बोलण्याचें मीं योजिलें आहे, आणि त्याला कारणही तसेंच घडलें.

गेल्या आषाढांत आम्ही घरचीं पांच माणसें मोटारीनें विंझरला निघालों होतों. विंझर हें गांव नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून चेलाडीपर्यंत हमरस्ता. तेथून पश्चिमेस वळलें कीं दुतर्फा भाताचीं खाचरें, डावीकडे राजगड आणि समोर तोरणा. आषाढांत या मावळाचें रूप पाहण्यासारखें असतें. पण रस्त्यावरचे खड्डे पाण्यानें भरून जातात आणि त्यांची खोली कळत नाहीं. विंझर जवळ आलें असतां एका ओल्या वळणावर पुढें चाललेला दुधाचा टेम्पो एकाएकीं थांबला. मीं ब्रेक दाबला. गाडीचें तोंड खालीं बसलें, पुढचीं चाकें रस्त्यावर टपटप उडतात असें वाटलें, आणि गाडी थांबली ती टेम्पोपासून हातभर अंतरावर. मागें बसलेल्या मंडळींच्या तोंडून कांहीं वेळ शब्द निघाला नाहीं.

गांवांत एक मेस्त्री भेटला. त्यानें इंजिनाकडे पाहिलेंच नाहीं. गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनीं खालीं दाबला आणि सोडून दिला. गाडी वर आली, खालीं गेली, पुन्हां वर आली, पुन्हां खालीं गेली. तो म्हणाला, "साहेब, ही गाडी रस्त्यानं चालत न्हाई, नाचतीया." मग त्यानें चाकाआड बोट फिरवून मला दाखविलें. बोटाला तेलांत कालवलेली काळी माती लागली होती. स्ट्रटमधील तेल गळून गेलें होतें. खरें सांगावयाचें तर हें गळणें मला नवीन नव्हतें. वर्षभरापूर्वीं पुण्यांतील मेस्त्र्यानें तें दाखविलें होतें, आणि 'गाडी चालते आहे ना' असें म्हणून तो खर्च मींच पुढें ढकलला होता.

हा खांब करतो तरी काय, हें समजावयास थोडें मागें गेलें पाहिजे. आपल्या बैलगाडीला कमान नव्हती. चाकाचा दणका थेट आंतल्या माणसाच्या पाठीला बसे. टांग्याला कमानी आल्या आणि प्रवास सुसह्य झाला. कमानींत पोलादाचे पाटे एकावर एक रचलेले असतात. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यांत होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या बाजूला असेच पाटे असत. हे पाटे एकमेकांवर घांसतात आणि त्या घर्षणानें कमानीची उसळी थोडीफार मुरते. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्यें हें घर्षण जवळजवळ नसतेंच. झोपाळ्याला एक झोंका दिला आणि पाय टेकला नाहीं, तर तो जसा किती तरी वेळ हालत राहतो, तशी ती स्प्रिंग एका खड्ड्यानंतर गाडीला हालवीत राहते. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचा जमिनीला टेकणारा पाय जें काम करतो, तें काम मोटारींत स्ट्रटच्या पोटांतील तेल करतें.

तें कसें, हें रंगपंचमीच्या पिचकारीवरून ध्यानांत येईल. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज निघतें. जोरानें दाबला तर पिचकारी हाताला विरोध करते. स्ट्रटच्या नळींतही असाच एक दट्ट्या असून तो तेलांत बुडालेला असतो आणि त्याला बारीक छिद्रें व झडपा असतात. चाक जितक्या वेगानें वर-खालीं होईल, तितका तेलाचा विरोध वाढतो; उसळीची शक्ति उष्णतेंत पालटते आणि हवेंत निघून जाते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून आल्यानंतर ही नळी हाताला गरम लागते.

स्प्रिंग, तेलाची नळी आणि चाकाला उभें धरणारा खांब, या तिन्ही वस्तू एकत्र गुंफण्याची आजची प्रचलित रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरच्या नांवानें ओळखली जाते. १९५० सालीं लोकांपुढें आलेल्या फोर्ड कॉन्सल या इंग्लिश गाडीला ती होती. तींत भाग थोडे व जागा कमी लागत असल्यामुळें लहान मोटारींत ती सर्वत्र रूढ झाली. १९८३ सालीं निघालेल्या मारुतीच्या पुढच्या चाकांना हीच रचना होती. १९९८ च्या अखेरीस आपल्या पिंपरी-चिंचवडच्या टाटा कारखान्यानें लोकांपुढें ठेवलेल्या इंडिकालाही हीच.

स्ट्रट हा केवळ आरामासाठीं आहे असा जो समज आहे, तो येथेंच खोटा ठरतो. त्याचें खरें काम टायर रस्त्यावर दाबून धरण्याचें. ब्रेक चाकाला थांबवितो, पण गाडीला थांबवितो तो रस्ता. आणि टायर रस्त्याला चिकटला असेल तरच रस्ता त्याला धरूं शकतो. उडणारें चाक ज्या क्षणीं अधांतरीं असतें, त्या क्षणीं ब्रेक कितीही उत्तम असला तरी व्यर्थ. ओल्या वळणावर माझ्या गाडीची जी गत झाली, ती ब्रेकच्या दोषानें नव्हे.

दुर्दैव असें कीं स्ट्रट एका दिवसांत मोडत नाहीं. तो महिन्या-महिन्यानें झिजतो, आणि चालविणारा नकळत त्याला सरावतो. म्हणून लक्षणें मुद्दाम शोधावीं लागतात. नळीवर तेलाचा ओघळ दिसणें. ब्रेक दाबतांच गाडीनें नाक खुपसणें. वळणावर ती एका अंगाला अधिक कलणें. खड्ड्यांतून जातांना 'खट्' असा आवाज येणें. आणि टायरचा पृष्ठभाग ठिकठिकाणीं वाटीसारखा झिजणें. कोपरा दाबून पाहण्याची परीक्षा सोपी आहे, परंतु तींत अगदीं निकामी झालेला स्ट्रटच सांपडतो. अर्धवट झिजलेला तींतून निसटतो. सुमारें ८० हजार किलोमीटर झाल्यावर स्ट्रट तपासून घेण्याचा प्रघात आहे. ज्यांची वाट खड्ड्यांची आणि घाटांची, त्यांनीं त्याच्या बरेच आधीं तपासावे.

आतां बदलण्याची रीत. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना उटी लावतात. पुढच्या चाकाचे नट प्रथम किंचित् सैल करून मग जॅक लावतात, आणि गाडीचा भार भक्कम स्टँडवर घेतात. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखालीं हातसुद्धां घालूं नये. चाक काढल्यावर ब्रेकची रबरी नळी स्ट्रटपासून सोडवितात. खालचे दोन बोल्ट काढण्यापूर्वीं त्यांची मूळ जागा खुणेनें नोंदून ठेवतात, आणि सुटलेला भाग तारेनें बांधतात, म्हणजे ब्रेकच्या नळीवर ओढ बसत नाहीं. मग बॉनेट उघडून वरचे बाजूचे नट सोडले कीं स्प्रिंगसह सगळा खांब हातांत येतो.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. वरच्या बाजूला अगदीं मधोमध एक मोठा नट असतो. स्प्रिंग आवळून धरणारें खास साधन लावल्याशिवाय तो नट कदापि सोडूं नये. हजार किलोच्या लहान गाडींत पुढच्या एका चाकावर सुमारें ३०० किलोंचा भार येतो, आणि तो पेलणारी स्प्रिंग त्या एका नटानें दाबून धरलेली असते. ती मोकळी सुटली तर माणसाचा जबडा फोडील किंवा हात तोडील. ज्यांच्याजवळ हें साधन नाहीं त्यांनीं हें काम घरीं करण्याचा मोह टाळावा. विंझरच्या मेस्त्र्यानें मला हेंच सांगितलें: "माझ्याकडं ती हत्यारं न्हाईत. हळू जावा, आन् पुण्यात दोन्ही बाजूचं बदला." आपल्या विद्येची मर्यादा जाणणारा कारागीर भेटणें हें भाग्यच म्हणावयाचें.

त्याच्या शब्दांतील 'दोन्ही बाजूचं' हें महत्त्वाचें. एक नवा आणि एक जुना स्ट्रट असला म्हणजे दोन चाकांची पकड सारखी राहत नाहीं, आणि ब्रेक दाबतांच गाडी एका अंगाला ओढूं लागते. एकाचे पैसे वांचविण्यांत शहाणपण नाहीं. त्याचप्रमाणें वरचें रबरी माउंटिंग, त्यांतील बेअरिंग आणि धुळीपासून दांड्याचें रक्षण करणारें रबरी आवरण हींही जुनीं झालीं असल्यास त्याच वेळीं बदलावीं. भागांची किंमत थोडी असते. मजुरी मात्र दुसऱ्यांदा तितकीच पडते. जोडतांना स्प्रिंगचें टोंक तिच्या खांचेंत नेमकें बसलें आहे ना हें पाहावें, नट कंपनीनें सांगितलेल्या जोरानेंच आवळावेत, आणि काम संपल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. तें न केल्यास नवा टायर थोड्याच महिन्यांत एका कडेनें झिजून जातो.

पुण्याला परतल्यावर मीं दोन्ही स्ट्रट बदलून घेतले. दसऱ्यानंतर पुन्हां विंझरला जाणें झालें. खड्डे तेच होते, वळणही तेंच. गाडी खड्ड्यांत एकदां उतरली, एकदां वर आली आणि स्थिर झाली. तेव्हां मला कळलें कीं वर्षभर आपण ज्याला 'रस्ता वाईट आहे' असें म्हणत होतों, त्यांतील निम्मा दोष आपल्याच गाडीचा होता. श्रोतेहो, पावसाळा तोंडावर आला कीं आपण छत्र्या दुरुस्त करतों, घरावरचीं कौलें चाळतों. त्याच सुमारास एक दिवस चाकाआड वांकून पाहावें. बोटाला तेल लागलें, तर मीं केली तशी वर्षभराची दिरंगाई आपण करूं नये.