परदेशी शेतावरची हिवाळी सुटी : राहणे-जेवणे फुकट, व्हिसाचे काय?

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

दिवाळी सरली की मराठवाड्यातून हजारो जोडपी दुसऱ्यांच्या शेतात राबण्यासाठी घर सोडतात. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना परतीची वाट नसते. त्याच सुमारास शहरातील एखादे नोकरदार जोडपे हिवाळी रजेचे बेत आखत असते. अलीकडे या बेतांत एक निराळा पर्याय डोकावू लागला आहे. परदेशातील शेतावर दिवसाचे काही तास काम करायचे, त्या बदल्यात तेथेच राहायचे, जेवायचे आणि उरलेल्या वेळेत तो देश पाहायचा. पहिल्या प्रवासामागे पोटाची निकड आहे, दुसऱ्यामागे हौस. मोबदला रोखीत मिळो वा ताटात, काम ते कामच, हा विचार मात्र अनेक देशांच्या कायद्यात आहे. हौशी प्रवाशांची गल्लत होते ती नेमकी येथेच.

कल्पना कोठून आली?

लंडनमध्ये सचिव म्हणून नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी १९७१ मध्ये ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम करण्याचा प्रयोग केला. शहरी माणसाला गावाकडची हवा मिळावी आणि सेंद्रिय शेतकऱ्याला मदतीचे हात, एवढाच हेतू होता. त्यातून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली. आज सुमारे १३० देशांत तिचे यजमान आहेत. इच्छुकाने त्या त्या देशाच्या संघटनेचे वार्षिक सभासदत्व घ्यायचे आणि यजमानाशी थेट पत्रव्यवहार करायचा. साधारणतः दिवसाला चार ते सहा तास, आठवड्यातून पाच दिवस काम असते. यजमान आणि पाहुणा यांच्यात पैशांची देवघेव होत नाही.

हंगाम पाहून देश निवडा

आपल्या हिवाळ्यात उत्तर युरोपातील बहुतेक शेते थंडीने गारठलेली असतात. इटली, स्पेन या देशांत मात्र हिवाळ्याच्या तोंडाशी ऑलिव्हची तोडणी चालते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात तर डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. चेरी आणि इतर फळांची तोडणी याच दिवसांत होते.

खरी मेख व्हिसात

या चळवळीच्या पूर्वीच्या इंग्रजी नावात 'कामगार' हा शब्द होता. त्यामुळे विमानतळावरील अधिकाऱ्यांचा गैरसमज होई. २००० मध्ये नाव बदलले, कायदे मात्र तसेच राहिले. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेले शेतकामही 'काम' मानले जाते. पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. खासगी शेताला ही सवलत लागू होत नाही. एकदा प्रवेश नाकारला गेला, तर पुढे अन्य देशांच्या व्हिसासाठी अर्ज करतानाही ती नोंद सांगावी लागते. चार आठवड्यांची हौस अशी अनेक वर्षे महागात पडू शकते.

ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून भारतीयांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा खुला केला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, किमान दोन वर्षांचे उच्च शिक्षण, इंग्रजीचे जुजबी ज्ञान आणि सोडतीत नाव निघणे, अशा त्याच्या अटी आहेत. हा व्हिसा वर्षभराचा असून त्यावर काम करता येते. जोडप्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. एकाच्या व्हिसावर दुसऱ्याला जाता येत नाही. दोघांनाही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पतीचे नाव सोडतीत निघाले आणि पत्नीचे राहिले, तर ठरलेला बेत तेथेच अडतो. म्हणून दोघांचे व्हिसा हाती पडेपर्यंत तिकिटे काढू नयेत.

निघण्यापूर्वी

यजमानाला काम, तास, खोली आणि सुटीचे दिवस आधीच लेखी विचारावेत. शाकाहारी असल्यास तसे स्पष्ट सांगावे. काही शेतांवर जनावरे कापली जातात, हेही विचारून घ्यावे. प्रवास विम्यात शेतीकामातील दुखापत अनेकदा वगळलेली असते, त्यामुळे अटी बारकाईने वाचाव्यात. गावाकडच्या शेतात वापरलेले बूट माती काढून स्वच्छ करावेत. न्यूझीलंडच्या विमानतळावर ते, तसेच सोबतचे खाद्यपदार्थ आणि बियाणे जाहीर करावे लागतात. चूक झाल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा जागेवर दंड होतो.

ज्यांना खुरपे धरण्याचीच सवय नाही, त्यांनी आधी भारतातच पंधरवडाभर प्रयोग करून पाहावा. वूफचे यजमान आपल्या देशातही आहेत आणि येथे व्हिसाचा प्रश्नच येत नाही. सलग पाच तास वाकून काम करणे आपल्याला झेपते का, याचे उत्तर परक्या देशात शोधण्यापेक्षा येथेच मिळालेले बरे.

शेवटचा सल्ला पैशांविषयी. राहणे-जेवणे फुकट म्हणून रिकाम्या खिशाने जाऊ नये. यजमानाचे वागणे पटले नाही, काम ठरल्यापेक्षा जास्त निघाले, तर त्याच दिवशी निघून हॉटेल गाठता येईल आणि परतीचे विमान पकडता येईल एवढी रक्कम दोघांकडे वेगवेगळी असावी. 'कोयत्या'ला उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही. हौसेने गेलेल्या जोडप्याला ती मुभा आहे. ती आधीच गाठीला बांधूनच घर सोडावे.