एका तबकडीवर चाललेला कारभार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या शहरांतील वीज एकाएकी गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी केलेला खुलासा असा होता की, कळवा-पडघे येथील ४०० के.व्ही. केंद्रातील पहिले सर्किट दुरुस्तीसाठी बंद होते, सारा भार दुसऱ्यावर होता आणि नेमका त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. संगणक सांभाळणाऱ्या माणसाला हे दुखणे चांगल्या परिचयाचे आहे.

कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे येथून येणाऱ्या वाटा जेथे एकत्र येतात आणि मालमोटारींची रीघ जेथे रात्रीही तुटत नाही, त्या शीळफाट्यावरील एखाद्या गोदामाच्या कचेरीची वाचकांनी कल्पना करावी. आवकजावक, येणेबाकी, रोजकीर्द असा सारा दफ्तराचा पसारा कोपऱ्यातील एका लिनक्स सर्व्हरवर आहे आणि त्यात एकाऐवजी दोन तबकड्या, म्हणजे हार्ड डिस्क, बसविल्या आहेत. प्रत्येक नोंद दोन्हींवर लिहिली जाते. यालाच मिरर म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या त्रयीने १९८८ साली अनेक स्वस्त तबकड्यांच्या जोडणीला ‘रेड’ हे नाव देऊन तिच्या पायऱ्या लावल्या, त्यांतील पहिली पायरी हीच. वेगळे यंत्र न घेता हे काम सॉफ्टवेअरकडे सोपविले, की लिनक्सचा कर्नलच ही दुहेरी कारकुनी करतो.

या व्यवस्थेचा गुण हाच तिचा दोषही आहे. एक तबकडी निकामी झाली तरी बिले निघत राहतात, मुनिमाला पडद्यावर तिळमात्र फरक दिसत नाही, आणि इशाऱ्याचे ईमेल कोणीही न उघडणाऱ्या पेटीत साठत जाते. जोडीची स्थिती दाखविणाऱ्या कर्नलच्या ‘एमडीस्टॅट’ या नोंदीत चौकटी कंसात दोन ‘यू’ दिसावयास हवेत. त्यांतील एकाच्या जागी नुसती आडवी रेघ आली, म्हणजे जोडी फुटली असे समजावे.

मग एके दिवशी संपूर्ण यंत्रच गोठते आणि पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ ही अक्षरे उमटतात. कर्नल हा यंत्राचा कारभारी. स्मृती, प्रोसेसर आणि तबकड्या यांची वाटणी त्याच्याच हाती असते. पुढे काम चालू ठेवल्यास दफ्तराची नासाडी होईल, अशी अवस्था ओढवली म्हणजे तो स्वतःहून सर्व व्यवहार थांबवितो. मात्र त्या अखेरच्या क्षणाची हकिकत तबकडीवर लिहिली जाईलच असा भरवसा नसतो. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घ्यावे, किंवा असे वारंवार घडत असेल तर नोंदी नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्याची तजवीज करावी.

तपासात पहिला संशय जोडीतून निसटलेल्या तबकडीवर जातो, आणि पुष्कळदा ती निर्दोष असते. अशक्त झालेला वीजपुरवठ्याचा डबा, सैल केबल किंवा सदोष रॅम यांपैकी एकच कारण मिररही फोडते आणि कर्नललाही पाडते. म्हणून तबकडीची ‘स्मार्ट’ नावाची जबानी आधी वाचावी : वाचता न येणारे आणि बदली दिलेले सेक्टर वाढत असतील तर दोष तबकडीचा, ते स्थिर असून सीआरसी चुका तेवढ्या वाढत असतील तर बहुधा केबलचा. रॅमची परीक्षा मेमटेस्टने रात्रभर घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; तीन भाग एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर गुन्हेगार कोण हे कायमचेच अज्ञात राहते.

नवी तबकडी जोडण्यापूर्वी उरलेल्या तबकडीवरील मजकुराची नक्कल बाहेर काढून ठेवणे अगत्याचे आहे. कारण जोडी पुन्हा उभी करताना तीच एकटी तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत वाचली जाते आणि वर्षानुवर्षे कोणी न वाचलेला एखादा बिघडलेला कोपरा नेमका त्याच वेळी उघडा पडतो. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे यंत्र सुरू होताना अदलाबदल होऊ शकतात, तेव्हा काढावयाच्या तबकडीचा अनुक्रमांक कागदावर टिपून, तिच्या अंगावरील चिठ्ठीशी ताडूनच हात घालावा. यंत्र सुरू करणारा बूटलोडर दोन्ही तबकड्यांवर असल्याची खात्रीही त्याच बैठकीत करून घ्यावी.

इतके करूनही एक गैरसमज उरतो, तो असा की मिरर आहे म्हणजे वेगळ्या नकलेची जरूर नाही. कारकुनाने चुकून एखादे खाते पुसले, तर ते दोन्ही तबकड्यांवरून एकाच क्षणी पुसले जाते. सदोष रॅममधून चुकीचा आकडा आला, तर तोही दोन ठिकाणी तितक्याच इमानाने लिहिला जातो. म्हणून दफ्तराची एक प्रत कचेरीबाहेर असलीच पाहिजे. आणि आपल्या कचेरीत असा सर्व्हर असेल, तर चौकटी कंसातील ती दोन अक्षरे आज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावीत.