गाडीचा आवाज कोठून येतो?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला मोटारीने जाणाऱ्यास गाडीच्या खालच्या अंगाचे बहुतेक आवाज एकाच प्रवासात ऐकावयास मिळू शकतात. ह्याला कारण जमीन. आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरून रस्ता कितीही गुळगुळीत केला, तरी खालची माती हलत राहिली की त्यास लाटा येतात. त्यात धूळ आणि एप्रिल-मेचे ऊन. रबर कडक होऊन चिरते, आणि चिरलेल्या टोपणातून आत गेलेली माती ग्रीसमध्ये मिसळून सांधा घासून टाकते.

ज्यांचे पोट चाकावर आहे अशा चालकांत आमची उठबस आहे. त्यांची तक्रार ठरलेली: "गाडी वाजते म्हटलं, तर मालक म्हणतात, चालते आहे ना? मग वाजू दे." स्वतःची गाडी बाळगणाऱ्यांची तक्रार उलट असते. चारही शॉकअप बदलले, पैसे गेले, आवाज जागच्या जागी. दोन्हीकडे घडते ते एकच. आवाजाचा शोध न घेताच त्याचा निकाल लावला जातो.

अँबॅसडरच्या काळी काम सोपे होते. मागे कमानपाटे, पाट्यावर पाटा घासून कुरकुरला की कोणासही कळे. ट्रक-जीपमध्ये अजून पाटे आहेत. तेथे प्रथम यू-बोल्ट आवळलेले आहेत का व एखादा पाटा तुटला आहे का, हे पाहावे. आजच्या लहान मोटारींत मात्र पुढील बाजूस बहुधा अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन ह्याच्या नावाची रचना असते. तिच्यात स्प्रिंग व शॉकअप एकाच खांबावर बसवितात. खाली लोअर आर्म, त्याला रबरी बुश, टोकाला बॉल जॉइंट, आणि दोन्ही बाजूंस जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे लिंक रॉड. स्प्रिंग क्वचितच वाजते. वाजतात ते हे सांधे.

येथे कानावर फार विसंबू नये. गाडीचे धड पत्र्याचे असल्याने डावीकडचा आवाज उजवीकडे ऐकू येतो. म्हणून आवाज "कोठे" येतो ह्याआधी "केव्हा" येतो, हे विचारावे. (त्याहीआधी डिकी उघडून जॅक व स्टेपनी घट्ट आहेत का, ते पाहावे. अनेकांचा आजार तेवढ्यानेच बरा होतो.)

खडीवर हळू जाताना बारीक खडखड होते काय? मग गतिरोधकावरून गाडी एकदा सरळ व एकदा तिरपी न्यावी. सरळ नेताना दोन्ही चाके बरोबर उचलली जातात व आडव्या दांड्यास पीळ पडत नाही. तिरपी नेतानाच आवाज आला, तर संशय प्रथम लिंक रॉडवर. ब्रेक दाबताना किंवा गाडी निघताना एकच "ठक्" होत असेल, तर लोअर आर्मचा बुश पाहावा. उभ्या गाडीचे स्टेअरिंग फिरविताना "टणक्" झाले, तर शॉकअपच्या वरच्या बैठकीतील बेअरिंग. पूर्ण वळणावर चालत्या गाडीत "कट-कट-कट" ऐकू आले, तर दोष बहुधा ॲक्सलच्या सांध्याचा. सस्पेन्शनवर खर्च करू नये. रबराची कुरकुर असेल, तर एकेका बुशावर साबणाचे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर थांबला की जागा सापडली. डिझेल किंवा ऑइल मात्र ओतू नये, त्याने रबर फुगून कुजते. शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, किंवा गाडी दाबून सोडल्यावर ती झुलतच राहिली, तरच तो बदलावा.

हे बहुतेक आवाज त्रासदायक, पण थोडा वेळ थांबू शकणारे आहेत. बॉल जॉइंटचे तसे नाही. तो सुटला म्हणजे चाक बाहेर फाकते व गाडी चालकाच्या हाती राहत नाही. परीक्षा अशी: गाडी सपाट जागी जॅकने उचलावी, खाली भक्कम स्टँड द्यावा, नुसत्या जॅकवर वा विटांवर भरवसा ठेवू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला, तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगून पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग. राहिला, तर बॉल जॉइंट. मग चाकाखाली टॉमी घालून हलके उचलून पाहावे, सांधा डोळ्यांदेखत हलतो. डावी-उजवीकडे खेळ असेल, तर टायरॉड एंडही तपासावा. ह्यांपैकी काही सैल आढळले, तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर जाऊ नये.

पगारी चालकाने येथे गप्प बसू नये. धोका होईल असा दोष माहीत असून, किंवा साध्या काळजीने कळण्याजोगा असून, गाडी चालविणारा जसा दोषी, तसाच ती चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही, असे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९० म्हणते. तोंडी सांगितलेले अपघातानंतर कोणाला आठवत नाही. तारीख, किलोमीटरचा आकडा आणि आवाज केव्हा येतो, एवढे कागदावर लिहून द्यावे व त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. अशा लिहिण्याने मिस्त्रीचेही अर्धे काम होते.

दुरुस्तीच्या वेळी एक गोष्ट मिस्त्रीस आवर्जून सांगावी. लोअर आर्मचे रबरी बुश नवे बसविल्यावर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळावयाचे, ते गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर. चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबरास कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. मग दोष "डुप्लिकेट मालाला" दिला जातो. लोअर आर्म किंवा टायरॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर टायर एका बाजूने झिजतो. एवढे झाले की, ज्या खड्ड्यावर आवाज येत होता त्याच खड्ड्यावरून, त्याच वेगाने, मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी न्यावी, आणि मगच पैसे द्यावेत.